‘शुगर आहे ना तुला?’

दिवाळीत फराळाचं ताट समोर आलं की मधुमेह असलेल्या माणसाच्या हाताकडे सगळ्यांचं लक्ष जातं. त्याने बेसनाचा लाडू उचलला, तर ‘अहो, तुम्हाला चालतं का हे?’ नाही उचलला, तर ‘घ्या हो, सणाचं आहे, एवढ्याने काही होत नाही.’ कुणी चिवड्याची वाटी पुढे सरकवतं, ‘हे तिखट आहे, हे खा बिनधास्त.’ चिवडा पोह्यांचा, पोहे तांदळाचे आणि तांदळातल्या पिष्टाची रक्तात साखरच होते, हे त्या वेळी कोण कुणाला समजावत बसणार? माणूस हसतो, काहीतरी पुटपुटतो आणि विषय बदलतो.

मधुमेहासोबत जगणाऱ्यांशी निवांत बोलायला बसलं, की औषधं आणि पथ्य यांच्या आधी हा विषय निघतो. गोळीची सवय होते, सुईची भीती जाते. पण लोकांचे तेच ते प्रश्न दर लग्नात, दर बारशाला, ऑफिसातल्या दर वाढदिवसाला नव्याने झेलावे लागतात. विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा माया असते. म्हणूनच त्यांना उत्तर देणं अवघड जातं.

हा मूठभर लोकांचा विषय राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशभरातले निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सगळ्यात जास्त प्रमाण आढळलं ते गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे तिथल्या दर चार प्रौढांमध्ये एकाहून जास्त. इतक्या घरांत पोचलेल्या आजाराबद्दल बोलायची रीत मात्र आपण अजून शिकलेलो नाही. २०२४ साली एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने काढलेल्या निवेदनात म्हटलं आहे, की मधुमेह असलेल्या दर पाच प्रौढांपैकी चौघांच्या वाट्याला त्या आजारापायी दोष किंवा कमीपणा येतो आणि पाचांतल्या एकाला उघड भेदभाव सोसावा लागतो.

या सगळ्यावर माझं म्हणणं थोडक्यात असं: आजार ज्याचा, उत्तर द्यायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क त्याचा. काही थोड्या माणसांना सगळं सांगायलाच हवं, कारण वेळ आली तर तीच मदतीला धावणार आहेत. बाकीच्यांना एक वाक्य पुरे. मात्र ते एक वाक्य ठामपणे म्हणता यायचं, तर प्रश्नामागचा समज कुठे चुकतो हे आधी आपल्याला पक्कं माहीत हवं.

‘फार गोड खायचास का रे?’

हा प्रश्न पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि त्यात आरोप असतो. आजार तुझ्या जिभेने ओढवून घेतला, असा.

टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. सात-आठ वर्षांच्या मुलीला तो होतो तेव्हा तिने खाल्लेल्या चॉकलेटांचा त्याच्याशी संबंध नसतो, आणि तिच्या आईने केलेल्या लाडांचाही नसतो. टाइप २ मध्ये आनुवंशिकता, वय, पोटावरची चरबी, बैठं काम, अपुरी झोप अशी अनेक कारणं एकत्र येतात. जास्त गोड खाण्याने वजन वाढतं आणि त्या वाटेने धोका वाढतो हे खरं. पण आयुष्यभर चहात दोन चमचे साखर घेणारा शेजारी ठणठणीत असतो आणि गोडाला न शिवणाऱ्याला मधुमेह होतो, हेही तितकंच खरं.

याचा जोडप्रश्न म्हणजे ‘तू तर एवढी बारीक, तुला कसा काय झाला?’ याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः वजनाने कमी असली, तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असतं, असं त्यातून दिसलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वरून बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून तसा असेलच असं नाही, हे त्या एका फोटोने जगाला सांगितलं. तेव्हा ‘बारीक माणसांनाही होतो, भारतीयांत तर जास्तच’ हे उत्तर अगदी रास्त आहे. त्यापुढे खुलासा करायची गरज नाही.

मंगल कार्यालयातली सुई

इन्शुलिन घेणाऱ्यांची अडचण वेगळी, कारण त्यांचं औषध लोकांना दिसतं. लग्नात पंगत बसायची वेळ झाली आहे. लहानपणापासून टाइप १ असलेली तिशीतली एक शिक्षिका खुर्चीत बसून पर्समधून पेन काढते. त्याला चार मिलिमीटरची बारीक सुई लावते, दोन युनिट हवेत सोडून टोकाला थेंब येतो का बघते. ताटात काय येणार याचा अंदाज तिने आधीच घेतलेला असतो: दोन पुऱ्या, मसालेभात, एक जिलबी. त्या हिशेबाने डायल फिरवते, पदर जरा सरकवून पोटावर सुई टोचते, मनात दहापर्यंत मोजते आणि पेन बंद करते. मिनिटभराचंही काम नाही. पण तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून येतंच, ‘अगं बाई, एवढ्या लहान वयात सुया?’ आणि मग जिलबीकडे बघून, ‘मग हे कसं खातेस?’

अशा प्रश्नांना कंटाळून अनेक जण कार्यालयाच्या बाथरूममध्ये जाऊन इन्शुलिन घेतात. काही जण घरी गेल्यावर बघू म्हणून टाळतात आणि रात्रभर साखर चढलेली राहते. काही जण निघतानाच घेऊन टाकतात. मग मुहूर्त लांबतो, मानपान लांबतं, पंगत उशिरा बसते आणि पोटात अन्न नसताना इन्शुलिन आपलं काम करू लागतं. लोकांच्या नजरेची किंमत अशी थेट शरीराला मोजावी लागते. म्हणून या शिक्षिकेने स्वतःसाठी एक नियम केला आहे, लपायचं नाही आणि लांबवायचंही नाही. ‘हो आत्या, जेवायच्या आधी इन्शुलिन लागतं मला. जिलबीचं धरूनच घेतलंय. चला, बसू या.’ एवढं बोलून ती पानावर बसते.

इन्शुलिनबद्दलची भीती मात्र खोलवर आहे. ‘इन्शुलिनवर गेला म्हणजे संपलं, मग डोळे जातात, किडनी जाते’ हे वाक्य प्रत्येक कुटुंबात कुणीतरी म्हटलेलं असतं. या समजाचा उगमही कळण्यासारखा आहे. आपल्याकडे पुष्कळांनी इन्शुलिन वर्षानुवर्षं टाळलं आणि अगदी नाइलाज झाल्यावर सुरू केलं. तोवर डोळ्यांचं, किडनीचं नुकसान होऊन गेलेलं असे आणि खापर इन्शुलिनवर फुटे. संशोधन नेमकं उलट सांगतं. अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ रुग्णांवरच्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात इन्शुलिनच्या काटेकोर उपचाराने डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. टाइप २ मध्येही वर्षं जातात तशी बीटा पेशींची ताकद कमी होत जाते. ब्रिटनच्या वीस वर्षं चाललेल्या पाहणीत हेच दिसलं. म्हणजे गोळ्या वाढणं किंवा इन्शुलिन लागणं हे रुग्णाच्या हलगर्जीचं प्रमाणपत्र नव्हे.

जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन दिलं गेलं. त्याआधी टाइप १ झालेल्या मुलाच्या आईवडिलांना डॉक्टर उपासमारीच्या आहारापलीकडे फारसं काही देऊ शकत नव्हते. आज टाइप १ असलेलं मूल खेळतं, शिकतं, मोठं होऊन नोकरी करतं. वसीम अक्रमला १९९७ साली मधुमेहाचं निदान झालं. त्यानंतर १९९९ च्या विश्वचषकात त्याने पाकिस्तानचं नेतृत्व केलं आणि २००३ च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला. ‘आता याला खेळता येईल का?’ असं विचारणाऱ्याला एवढी माहिती पुरते.

‘आमच्या ओळखीत एकाची गोळी सुटली’

सल्ले हा प्रश्नांचाच एक प्रकार आहे. कारल्याचा रस घेतोस का? मेथ्या भिजवतेस का? साखरेऐवजी गूळ का नाही? उपासाला साबुदाणा तर चालत असेल? यातल्या दोन गोष्टी तरी घरात सगळ्यांना ठाऊक हव्यात. गुळानेही रक्तातली साखर वाढते आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात सल्ल्यांची मोठी लाट आली. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोचवलेला दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचा आहार एकीकडे आणि ऋजुता दिवेकर यांचं थोडं थोडं, वारंवार खाणं दुसरीकडे. लोकलच्या डब्यात, कट्ट्यावर, लग्नाच्या मांडवात ‘दीक्षित की दिवेकर?’ हे सुरू होतं. त्यातून पुष्कळ लोक आपण काय खातो, किती वेळा खातो याचा विचार करू लागले. अडचण आली ती इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची. त्यांच्या औषधांच्या वेळा जेवणाशी बांधलेल्या असतात. डॉक्टरांना न विचारता जेवणाची वेळ बदलली, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. शेजाऱ्याच्या उत्साही सल्ल्यात ही गोष्ट नसते.

‘गोळी सुटली’ हे मात्र थाप समजू नये. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या २०१७ सालच्या चाचणीत, निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या टाइप २ रुग्णांनी देखरेखीखाली भरपूर वजन उतरवलं. वर्षाअखेरीस त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. दोन वर्षांनी हेच प्रमाण ३६ टक्के होतं. म्हणजे ते शक्य आहे, पण सगळ्यांना नाही, आणि टिकवायला कष्ट आहेत. टाइप १ ला तर ते लागूच नाही. तिथे इन्शुलिन बंद करणं जिवावर बेतू शकतं. टाइप १ असलेल्या मुलाच्या आईला ‘अमुक वैद्यांकडे न्या, सुया सुटतील’ असं सांगणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

सल्ला देणाऱ्याशी वाद घालून काही साधत नाही. ‘डॉक्टरांना विचारून बघते’ हे वाक्य कुणालाही दुखावत नाही आणि आपल्यालाही कशात बांधून टाकत नाही.

आकडा किती आला?

सगळ्यात अवघड प्रश्न घरचे विचारतात. ‘शुगर किती आली?’ आणि उत्तर ऐकताच, ‘काल काय खाल्लंस?’ अमेरिकेतला मुलगा व्हिडिओ कॉलवर बाबांना पहिल्यांदा आकडा विचारतो, तब्येत नंतर.

साखरेचा आकडा म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. ताप, जंतुसंसर्ग, स्टेरॉइडच्या गोळ्या, ताण, रात्रीचं जागरण, मासिक पाळी, अशी खाण्याशी संबंध नसलेली कितीतरी कारणं तो आकडा हलवतात. पहाटे यकृत स्वतःहून रक्तात साखर सोडतं, त्यामुळे रात्री हलकं जेवलेल्या माणसाची सकाळची उपाशीपोटीची साखरही चढलेली येऊ शकते. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर न थांबता तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी बघतात.

विल्यम पोलोन्स्की या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मधुमेहाच्या मानसिक ओझ्याचा आयुष्यभर अभ्यास केला. १९९५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे ओझं मोजण्यासाठी वीस मुद्द्यांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. गुंतागुंतीची भीती, उपचारांचा थकवा यांच्या बरोबरीने त्यात एक मुद्दा आहे, चारचौघांत अवघडून जाण्याचा. उदाहरण म्हणून दिलं आहे, ‘काय खावं’ हे लोकांनी सांगणं. ताटावरची पाळत हा आजाराच्या ओझ्याचाच भाग आहे, हे तिथे नोंदलं गेलं.

पाळतीचा परिणाम घरोघरी दिसतो. सासरे ओट्याजवळ उभे राहून घाईघाईने लाडू तोंडात टाकतात. सून पट्टीवर आलेला आकडा कमी करून सांगते. नवरा डॉक्टरांकडे एकटाच जातो. खाणं थांबत नाही, फक्त लपतं, आणि लपलेल्या खाण्याचा हिशेब औषधात धरता येत नाही. अमेरिकेत २०१७ साली आणि इंग्लंडमध्ये २०१८ साली डॉक्टरांसाठीही भाषेची मार्गदर्शक तत्त्वं आली. ‘पथ्य मोडलं’, ‘कंट्रोल नाही’ असा ठपका ठेवणारी भाषा टाळावी, असं त्यांत सुचवलं आहे. घरात हे करायला कुठल्या पुस्तिकेची गरज नाही. ‘काय खाल्लंस?’ ऐवजी ‘बरं वाटतंय ना?’ एवढा बदल पुरेसा आहे.

वर्गातला प्रश्न

लहान मुलांचे प्रश्न सरळ असतात. ‘तुझ्या दंडाला हे काय चिकटवलंय?’ ‘तुझ्या डब्यातलं खाल्लं तर मलाही होईल?’ उत्तरही सरळ द्यावं. हा सेन्सर आहे, तो साखर सांगतो. आणि नाही, हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. एकदा वर्गशिक्षिकेने वर्गासमोर हे सांगून टाकलं की मुलं दुसऱ्या दिवशी विसरतात.

मोठ्यांना सांगायला नियमांचा आधार आहे. सीबीएसईने २०१७ पासून टाइप १ असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं, खाऊ आणि पाणी जवळ ठेवायला परवानगी दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली सगळ्या राज्यांना लिहिलं, की अशा मुलांना वर्गात साखर तपासायला, इन्शुलिन घ्यायला आणि मधल्या वेळी खायला द्यावं. मुख्याध्यापकांना भेटायला जाताना पालकांनी एक कागद न्यावा. लक्षणं कोणती, काय द्यायचं, फोन कुणाला करायचा, एवढंच त्यावर असावं.

मुलगी मोठी झाली की प्रश्न स्थळाचा होतो. ‘हिला मुलं होतील का? त्यांनाही होईल का?’ साखर नीट सांभाळून, आधी ठरवून टाइप १ असलेल्या असंख्य स्त्रिया आई होतात. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला टाइप १ असला, तरी शंभरातल्या नव्वदहून अधिक मुलांना तो होत नाही. मात्र ही माहिती द्यायची ती जिच्याशी किंवा ज्याच्याशी लग्न ठरतंय त्या माणसाला आणि ती पूर्ण द्यायची. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर त्याचा जबाब देण्याचं कारण नाही.

कुणाला किती सांगायचं

घरातलं माणूस, ऑफिसात शेजारी बसणारा सहकारी, शिक्षक, ट्रेकचा किंवा प्रवासाचा सोबती. या माणसांना सगळं सांगा, कारण साखर उतरली की आपल्याला स्वतःला बोलता येईलच असं नाही. दरदरून घाम, हाताला कंप, धडधड, अचानक चिडचिड, गोंधळलेलं बोलणं ही लक्षणं. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा तेवढंच ग्लुकोज लगेच घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमीच असेल तर पुन्हा घ्यायचं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील तर घरची साखर लवकर पचत नाही, म्हणून त्या घेणाऱ्यांनी ग्लुकोजची पुडीच जवळ ठेवावी. शुगर-फ्री पेय इथे कामाचं नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, त्याला कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

ही माहिती ज्याला द्यायची त्याने मागितली नसली तरी द्या. बाकी सगळ्यांसाठी एकेक वाक्य तयार ठेवा. ‘हो, आहे मला मधुमेह, औषधं चालू आहेत, बरा आहे मी.’ आग्रहाला, ‘एक घेतला वहिनी, छान झालाय, दुसरा नको.’ रिपोर्टबद्दल, ‘ते डॉक्टर बघतात.’ आणि काहीच बोलावंसं वाटलं नाही, तर न बोलणं हेही उत्तर आहे. त्याबद्दल कुणी अपराधी वाटून घेऊ नये.

विचारणाऱ्यांना मात्र एक कळकळीची विनंती. दिवाळीत तुमच्या घरी मधुमेह असलेला कुणी ना कुणी फराळाला येईलच. सगळं ताट सगळ्यांसारखंच त्यांच्यापुढे ठेवा आणि काय घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या. त्यांच्या हाताकडे बघू नका, आकडा विचारू नका, कुणाची गोळी कशी सुटली ते सांगू नका. विचारायचंच असेल, तर एकच विचारा, ‘तुम्हाला कधी अचानक बरं वाटलं नाही, तर मी काय करायचं?’ उत्तर नीट ऐका आणि लक्षात ठेवा.